फितूर नावाड्याचे रीळ

१

कुलूप शाबूत होते, पेटी शाबूत होती, तेरा डबे आपापल्या जागी होते. चौदावा डबा मात्र नव्हता, आणि चित्रपटाचे शेवटचे रीळ नेमके त्यातच होते.

रविवारी सकाळी फिरत्या तंबू-सिनेमाचा मालक बन्सी हे वर्तमान घेऊन पालघरच्या छापखान्यात शिरला, तेव्हा नर्मदाबाई चुरी खिळे जुळवीत उभ्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. हातातली ओळ पुरी झाल्याखेरीज त्या कोणाकडेही पाहत नसत. मग तो मामलेदार असो की तंबूवाला. नवरा गेला तेव्हा बाई छापखाना विकून माकुणसारला माहेरी जाणार, असे अवघ्या पालघरने ठरवून टाकले होते. बाईंनी मात्र शिशाची उलटी अक्षरे सुलट वाचण्याची विद्या आत्मसात केली, आणि साप्ताहिकाचा एकही अंक चुकू दिला नाही.

बन्सीला दोन पत्रके हवी होती. आज संध्याकाळचा तारापूरचा खेळ रद्द, हे पहिले. दुसऱ्यात, यंत्र चालविणारा जानू तामोरे यास चोरीच्या आरोपावरून कामावरून काढले असून पोलिसांच्या स्वाधीन केले जात आहे, असे नावानिशी हवे होते.

जानू त्याच्या मागेच उभा होता. पंचविशीचा, खांदे रुंद, नजर जमिनीवर. तो तारापूरच्या मच्छीमार वस्तीतला. आईबाप लहानपणीच गेलेले; दादू तांडेल आणि मंजुळा या काका-काकूंनी त्याला वाढविलेला. कोळ्याच्या पोराने समुद्र सोडून यंत्र धरले, याचे त्या वस्तीला कौतुकही होते आणि थोडा रागही.

"पेटीची किल्ली एकट्या ह्याच्याकडे," बन्सी म्हणाला. "कुलूप फुटलेले नाही. मग डबा काय हवेत गेला?"

बाईंनी जानूला विचारले. त्याने जे घडले ते सरळ सांगितले. काल बोईसरला खेळ संपल्यावर त्याने चौदावा डबा पेटीपाशी नेला. तेवढ्यात जनरेटर खोकू लागला, म्हणून तो तिकडे धावला. परत येऊन त्याने पेटीला कुलूप लावले. डबा आत ठेवला होता असेच त्याला वाटत होते. पण शपथ घेण्याइतकी खात्री नव्हती.

"पत्रक छापायला मला वेळ लागत नाही," नर्मदाबाई शांतपणे म्हणाल्या. "पण माझ्या यंत्रातून चोर म्हणून निघालेले नाव मला परत आत घालता येत नाही. तारापूरला तंबू उभारा. संध्याकाळी दिवे लागेपर्यंत डबा मिळाला नाही, तर मी स्वतः हे नाव जुळवीन."

बन्सीने बाईंचा चेहरा पाहिला आणि जानूला घेऊन निघाला.

तो गेल्यावर बाईंनी टेबलावरचा कागद उचलला. त्यांच्या साप्ताहिकातील 'बोलपट-परीक्षण' हे सदर दूरवर वाचले जाई. ऐतिहासिक पुरुषांवरच्या चित्रपटांना त्या अधिक जागा देत. ज्यांचे पूर्वज पडद्यावर उभे केले जातात, त्यांच्या तोंडावर खरे बोलता आले पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. अणुवीज केंद्राच्या बांधकाम कचेरीतले नागोराव हे सदर लिहीत. माणूस नागपूरकडचा, आवाज मोठा. कालच्या चित्रपटाचे त्यांचे परीक्षण सकाळीच येऊन पडले होते.

चित्रपट चिमाजीआप्पांच्या वसई मोहिमेवरचा. परीक्षणाची धार नेहमीसारखीच होती: श्रीमंतांस डावखुरे दाखविण्याचा अधिकार दिग्दर्शकास कोणी दिला? राजस्त्रियांचे पदर उजव्या खांद्यावर कसे? आणि सर्वांत वाईट म्हणजे, मराठ्यांच्या नावा जाणूनबुजून खडकांकडे धाडणारा फितूर नावाडी दाखवून किनाऱ्यावरच्या एका स्वाभिमानी जमातीची विटंबना का केली?

शेवटचे वाक्य वाचून बाईंनी चष्मा काढला.

'हे अखेरचे रीळ ज्या खाडीची बदनामी करते, त्याच खाडीत ते बुडविले पाहिजे.'

२

दुपारच्या गाडीने नर्मदाबाई बोईसरला उतरल्या. कामगारांच्या चाळींच्या रांगेत नागोरावांचे घर सापडायला अडचण पडली नाही. त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता.

रीळ नाहीसे झाल्याचे कळताच नागोराव खुर्चीतून अर्धे उठले. लिहिणे वेगळे आणि करणे वेगळे, हे त्यांनी तीन प्रकारे सांगितले. आपण खुर्च्यांच्या दुसऱ्या रांगेत शेवटपर्यंत बसलो होतो आणि खेळ सुटताच घरी आलो, असेही सांगितले.

"मग शेवटच्या लढाईच्या वेळी नावाड्याच्या अंगावर काय होते?" बाईंनी विचारले.

नागोरावांनी छताकडे पाहिले, मग खिडकीकडे, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. "साधेच. कोळ्याचे असते तसे."

"घोंगडी होती जी," दारातून आवाज आला. "फाटकी. एका खांद्यावरची."

चहाचे कप घेऊन नागोरावांची बायको उषा बाहेर आली. लहानखुरी, डोळे तल्लख. तिने पतीकडे पाहिले आणि एकदम गप्प झाली.

"तुम्हीही गेला होतात तर," बाई म्हणाल्या.

नागोरावच घाईने बोलले. "हिला मागे बायकांत बसवले होते, बाईसाहेब. उशिरा पोचली, नावे-बिवे होऊन गेल्यावर. आणि आली ती साडीला सुक्या बोंबलांचा वास घेऊन. रात्रभर मला झोप नाही."

उषा हसली. बसायला जागा नव्हती, ती म्हणाली; बाजाराच्या कोळणी आपापल्या टोपल्या पालथ्या घालून बसल्या होत्या. एका थोराड बाईने आपली टोपली तिला दिली आणि स्वतः जमिनीवर बसली. मोठ्या मनाची बाई. चित्रपट संपेपर्यंत मात्र तिचा चेहरा असा झाला होता, की आभार मानायचेही धाडस झाले नाही. 'समाप्त' येण्याच्या आतच सगळ्या बायका तणतणत उठल्या होत्या.

"टोपली रिकामी होती?"

"पालथी घातली म्हणजे रिकामीच की जी. सगळी मासळी विकून बसली होती ती. कपाळावर हे एवढे कुंकू, आणि डाव्या हातात चांदीचे जाड कडे."

नर्मदाबाईंनी चहा संपविला. निघताना त्या नागोरावांना म्हणाल्या, "तुमच्या शेजारी कोण बसले होते?"

"काळोख होता, बाईसाहेब," नागोराव म्हणाले.

"संध्याकाळी तुम्ही दोघेही तारापूरला या. दोघेही," बाईंनी बजावले.

हा मनुष्य खोटे बोलतो आहे, याबद्दल त्यांना आता शंका उरली नव्हती. पण परीक्षणातला संताप खोटा नव्हता. मग तो संताप कोणाचा?

३

तारापूरला दादू तांडेल अंगणात जाळे विणीत बसला होता. साठीचा, मिठाने रापलेला, उघडा. मघाशीच बन्सीशी त्याची जुंपली होती. तंबू मासळी सुकविण्याच्या मैदानावर ठोकायला घेतला म्हणून. त्या भांडणावरून बन्सी आता म्हणत होता, की जानूने डबा काकाच्याच सांगण्यावरून लांबविला.

दादूने जाळे बाजूला ठेवले नाही. "त्याला सांगा, मी रीळ चोरीन कशाला? आमच्या मान्साचा शिनेमा तो."

"तुम्ही पाहिलात?"

"तर. पुढं बसून. जानूनं खुर्ची दिलती." म्हातारा खुलला. "काय तो नावाडी, बाई. आदीच म्हनून ठेवलेलं त्यानं, उजवीकडं खोल पानी, डावीकडं खडक. मंग आपल्या नावा उजवीकडं लावल्या आन सोता डावीकडं ग्येला. दुस्मनाला मागं मागं घेऊन. मेला बिचारा. येक शबूद नाय बोलला. आमच्यात असंच असतं, बोलनं कमी."

"आणि आप्पासाहेबांची तलवार कोणत्या हातात होती?"

दादूने त्यांच्याकडे असे पाहिले, जणू बाई आजारी आहेत. "तलवार कंच्या हातात धरत्यात?"

एकच रीळ, एकच पडदा, एकच संध्याकाळ. एका परीक्षणात नावाडी फितूर, आणि या तांडेलाच्या डोळ्यांत तोच नावाडी हुतात्मा. दोघांपैकी एकजण चित्रपटाला गेलाच नव्हता, असे म्हणावे, तर दोघांनाही बारकावे ठाऊक होते.

"मंजुळाबाई कुठे आहेत?" त्यांनी विचारले.

दादूने तोंड वाकडे केले. काल बाजारातून आल्यापासून ती धड बोलत नव्हती. भरली टोपली डोक्यावर घेऊन आली, सुनेला हात लावू दिला नाही, जेवलीही नाही. "माल खपला नाय म्हनून असल. पन जलमात असं क्येलेलं नाय तिनं. कोळीन उरलेला वाटा कुनाच्या बी पदरात टाकील, पन घरी भरली टोपली आननार नाय. मी काय इचारलं नाय. इचारलं तर कोयता येतो."

मैदानावर तंबू उभा राहत होता. बांबूंच्या मधोमध पांढरा पडदा ताणून जानू त्याच्यावर बादलीने पाणी मारीत होता. पडदा ओला केला की चित्र पलीकडच्या अंगालाही उमटते. पुढे पुरुष बसतात, मागे बायका. पेटी नेहमी मागल्या अंगालाच ठेवीत. तिथे बायका असेपर्यंत जानूखेरीज एकही पुरुष पाऊल टाकीत नसे, म्हणून तीच जागा सुरक्षित.

नर्मदाबाई ओल्या पडद्यासमोर उभ्या राहिल्या. खालच्या काठावर तंबूचे नाव काळ्या रंगाने रंगविलेले होते. त्यांनी ते सहज वाचले, एक अक्षर न अडखळता, आणि पेटी कुठे ठेवतात ते पाहण्यासाठी पलीकडे जायला निघाल्या.

दोन पावलांवर त्या थांबल्या. पेटी समोरच होती. त्या आधीच पडद्याच्या मागे उभ्या होत्या. ती सगळी अक्षरे उलटी होती.

४

मंजुळा घरामागच्या वाळवणात बोंबील उलटीत होती. तिच्या डाव्या हातातले चांदीचे कडे उन्हात चमकत होते. नर्मदाबाईंना पाहून तिने पदर सावरला, पाटी आणून बसायला दिली, आणि पुन्हा मासळीला हात घातला.

"मंजुळाबाई," नर्मदाबाई बसत म्हणाल्या, "काल बोईसरला तुम्ही एका परक्या बाईला आपली टोपली बसायला दिलीत. ती रिकामी होती. घरी आलात तेव्हा ती भरलेली होती. बाजार तर दिवस मावळायलाच उठला होता. मग टोपलीत काय भरले?"

मंजुळेचा हात थांबला नाही. फक्त संथ झाला.

"मला कोणी फिर्याद करायला पाठविलेले नाही," बाई पुढे म्हणाल्या. "पण बन्सी जानूला पोलिसांच्या हाती देतो आहे. किल्ली त्याच्याकडे होती म्हणून. संध्याकाळी दिवे लागले की मला त्याचे नाव चोर म्हणून छापावे लागेल."

आता हात थांबला. वस्तीत ही गोष्ट कोणी तिच्या कानी घातलीच नव्हती; दादूने विचारले नव्हते, आणि तिने सांगितले नव्हते.

"जानूला?" मंजुळा म्हणाली. "माझ्या जानूला चोर म्हनतो त्यो?"

ती उठली. वाळवणाच्या कडेला पालथ्या घातलेल्या हाऱ्याखालून तिने टोपली ओढली, वरचे सुकट बाजूला सारले, आणि पत्र्याचा गोल डबा बाईंच्या पायापाशी ठेवला. मग सगळे एका दमात सांगितले. डबा पेटीवर तसाच पडला होता. आज हाच शिनेमा तारापुरात लागणार, आपल्याच दारात. आपला नावाडी मराठ्यांना खडकावर घालतो, हे पोराबाळांनी बघायचे, आणि उद्या वीज केंद्राच्या कंपनीतल्या बाहेरगावच्या लोकांनी बाजारात बोट दाखवायचे. तेवढे शेवटचे रीळ नसले, की गोष्ट अर्धी राहील, पण अब्रू राहील, असे तिला वाटले.

"मग खाडीत का नाही टाकलेत?"

"दर्यात टाकलेलं किनाऱ्याला येतंच, बाई. आन त्यो म्हातारा फितूर असला तरी आपल्यातलाच. बुडवू कसं त्याला?"

नर्मदाबाईंना हसू आले. त्यांनी ते दाबले नाही. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला. आप्पासाहेब तलवार कोणत्या हाताने चालवीत होते?

"डाव्या. शिनेमातली मान्सं समदी डावरीच असत्यात," मंजुळा ठामपणे म्हणाली. "इतकी वर्सं बघतोय आमी."

५

दिवे लागण्याच्या वेळी तंबूत सगळे जमले. बन्सी, जानू, दादू, मंजुळा, आणि बोईसरहून आलेले नागोराव व उषा. डबा पेटीवर ठेवलेला होता. बन्सीने तो पाहिला आणि आधी डब्याकडे, मग जानूकडे बोट केले; पण नर्मदाबाई बोलू लागल्यावर बोट खाली आले.

कुलूप शाबूत होते, बाई म्हणाल्या, कारण डबा पेटीत गेलाच नव्हता. जानू जनरेटरकडे धावला तेव्हा तो झाकणावर राहिला. त्या वेळी पेटीपाशी फक्त बायका होत्या. दुसरे पुरुष तिथे फिरकतच नाहीत. राहता राहिला हेतू. पुढे बसून ज्यांनी चित्रपट पाहिला, त्यांना नावाड्याचा अभिमान वाटला. जानू यंत्रापाशी पुढच्याच अंगाला होता. मग त्याने हे रीळ का लपवावे? नावाडी फितूर दिसला तो केवळ मागे बसणाऱ्यांना. ओल्या पडद्याच्या मागून उजवे ते डावे दिसते. तलवार डाव्या हातात जाते, पदर उजव्या खांद्यावर येतो, आणि खोल पाण्याकडे निघालेल्या पाठमोऱ्या नावा खडकांकडे निघालेल्या दिसतात. आवाज मात्र उलटत नाही. 'उजवीकडे खोल पाणी' हे शब्द कानांनी सुलट ऐकले, आणि डोळ्यांनी उलट पाहिले.

"त्यामुळे," बाई नागोरावांकडे वळल्या, "माझ्या सदरातले परीक्षण खुर्चीत बसणाऱ्याने लिहिलेले नाही. ते पालथ्या टोपलीवर बसून पाहणाऱ्या व्यक्तीने लिहिले आहे. काल तुम्ही कुठे होतात?"

नागोराव खाली मान घालून म्हणाले, की आपण मित्राकडे पत्ते खेळत होतो. पहिली दोन परीक्षणे त्यांची. मग हिनेच लिहायला घेतले, आणि लोक वाखाणू लागल्यावर सांगायचे राहून गेले. उषाचा चेहरा मात्र पतीच्या कबुलीने नव्हे, आपल्या चुकीने उतरला होता.

"मी दिग्दर्शकाला किती बोलले जी," ती पुटपुटली. "आणि चूक माझीच."

"तुमचा राग खरा होता, जागा चुकीची होती," नर्मदाबाई म्हणाल्या. "आज पुन्हा पाहा आणि पुन्हा लिहा. खाली तुमचे नाव राहील. नागोरावांनी पत्ते खेळावेत."

बन्सी अजून पोलिसांचे काहीतरी पुटपुटत होता. बाईंनी त्याला आठवण करून दिली, की त्याच्याच खोकणाऱ्या जनरेटरमुळे डबा उघड्यावर राहिला, आणि या बाईने तो बुडविला नाही, जाळला नाही, सुकटाखाली राखला. त्याबद्दल त्याने तिचे आभार मानावेत. तसेच, आजचा खेळ वेगळ्या पद्धतीने होईल.

"बायका पुढे बसतील," त्यांनी जाहीर केले. "पुरुष मागे."

असे कधी झालेले नव्हते. दादू तांडेल खाकरला, बन्सीने कपाळाला हात लावला. पण बाई पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर जाऊन बसल्या, आणि त्यांना उठविण्याची कोणाची छाती नव्हती. वस्तीतल्या कोळणी एकेक करून पुढे आल्या, टोपल्या पालथ्या घातल्या, आणि खाली बसल्या. उषा मंजुळेच्या शेजारी बसली.

पडद्यामागून पहिल्यांदा हशा उठला तो आप्पासाहेबांनी तलवार उपसली तेव्हा. सगळे मराठे डावरे कसे, अशी पुरुषांत चर्चा चालली होती. दादूचा मोठा आवाज त्यांना समजावीत होता, आणि त्याचे कोणी ऐकत नव्हते. पुढे मात्र शांतता होती.

चौदावे रीळ लागले. पाठमोऱ्या नावा अंधारात थांबल्या. फाटकी घोंगडी पांघरलेल्या म्हाताऱ्याने हात वर केला, आणि नावा उजवीकडे वळल्या, खोल पाण्याकडे. मग त्याने एकट्याने वल्हे उचलले आणि आपली होडी डाव्या बाजूला, खडकांच्या दिशेने लावली. शत्रूचे दिवे त्याच्या मागे गेले.

मंजुळेने उषाचे मनगट धरले. होडी दिसेनाशी होईपर्यंत तिने मनगट सोडले नाही, आणि सोडले तेव्हा पदराने दोन्ही डोळे पुसले. एकदा उजवा, एकदा डावा.

'समाप्त'ची पाटी आली. या वेळी कोणी उठले नाही. उषाने ती अक्षरे वाचली, शेजारच्या बायकांना वाचून दाखविली.

जानूने रीळ उतरविले, डब्यात घातले, झाकण दाबले. जनरेटर पुन्हा खोकू लागला होता. तो तिकडे धावला नाही. डबा घेऊन सगळ्यांच्या देखत तो काकूपाशी आला, आणि वरती पेटीची किल्ली ठेवली.

"काकी, तूच ठेव. मी इसरतो."

मंजुळा उठली, पेटीपाशी गेली. आतले तेरा डबे तिने मोजले नाहीत. एकेकावरून हात फिरविला. मग शेवटचा आत ठेवला, कुलूप लावले, ओढून पाहिले, आणि किल्ली जानूच्या मुठीत परत दाबली.